गुण, नाणी आणि क्रेडिट : मुलं नेमकी कशासाठी खेळतात, कशासाठी शिकतात?



नेहमी आपण इथे धडे, स्वाध्याय, निबंध यांबद्दल बोलतो. आज जरा वेगळं लिहितोय. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरात एक छोटीशी गोष्ट घडली. तशी किरकोळच, पण डोक्यातून जाईना. म्हटलं, तुमच्याशी बोलावं.

माझा मुलगा तिसरीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीपासून आम्ही फ्रिजवर एक तक्ता लावला होता. दप्तर जागेवर ठेवलं, एक स्टार. पाढे म्हटले, दोन स्टार. ताटात काही टाकलं नाही, एक स्टार. वीस स्टार झाले की अर्धा तास मोबाईलवर गेम. कल्पना माझीच. वर्गात असले तक्ते मी बरीच वर्षं लावतो, म्हटलं घरीही करून बघू. पाच-सहा महिने घर कसं शिस्तीत चाललं! बायको म्हणालीसुद्धा, "तुमच्या डीएडचा घरात पहिल्यांदाच उपयोग झाला."

दिवाळीला माझी आई गावाहून आली. तिचे गुडघे दुखतात, उठबस जमत नाही. संध्याकाळी ती नातवाला म्हणाली, "बाळा, जरा तांब्याभर पाणी दे रे." हा उठला, फ्रिजपाशी गेला, तक्त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आजी, याचे किती स्टार?"

आई हसली. तिला वाटलं, पोराचा काहीतरी खेळ चाललाय. मला मात्र हसू आलं नाही. कारण हा प्रश्न त्याला मीच शिकवला होता.

त्या प्रश्नावरून मला जे वाटलं, ते असं : गुण, नाणी, स्टार, क्रेडिट ही सगळी मोजण्याची साधनं आहेत. पण मोजमाप हेच काम होऊन बसलं की खरं काम मागे पडतं. हे मोबाईलच्या गेममध्ये होतं, कॉलेजात होतं, आपल्या वर्गात होतं आणि घरातही होतं. एकेक करून बघू.

१. गेम वाईट नसतो, त्याची रचना बघावी लागते

आपल्यापैकी तिशी-चाळिशीतल्या अनेकांनी लहानपणी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम खेळला असेल. कॅसेटवर लिहिलेलं असायचं लाखो गेम, आणि आत तेच पाच-सहा फिरून फिरून यायचे! त्यात मारिओ होताच. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम जपानच्या शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली बनवला. शिक्षक म्हणून आज मी त्याची सुरुवात आठवतो तेव्हा थक्क होतो. कुठेही सूचना लिहिलेली नाही. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे चालायचं उजवीकडे. थोडं पुढे गेलं की समोरून एक छोटा शत्रू चालत येतो. मूल त्याला धडकतं, डाव जातो. दुसऱ्या वेळी ते उडी मारतं. झालं, शिकलं! आपण प्रशिक्षणात 'ज्ञानरचनावाद' म्हणून जे दिवसभर ऐकतो, ते या गेमने पहिल्या अर्ध्या मिनिटात करून दाखवलं होतं.

त्यात नाणीही होती. १०० नाणी जमली की एक जीव जास्तीचा मिळायचा. पण नाणी वाटेत होती. जायचं होतं शेवटापर्यंत, आणि तो शेवट खरोखर यायचा.

आता मुलांच्या हातातले मोबाईलचे गेम बघा. २०१२ मध्ये आलेल्या 'कँडी क्रश'चं उदाहरण घेऊ, कारण तो आपल्यातल्याही अनेकांनी खेळलाय. त्यात पाच जीव असतात. संपले की ३० मिनिटांनी एक जीव परत मिळतो. तोवर थांबा, नाहीतर पैसे भरा, नाहीतर मित्रांकडे मागा. दुसऱ्या काही गेममध्ये 'रोजचं बक्षीस' असतं. आज आलात तर थोडी नाणी, उद्या जास्त, सातव्या दिवशी मोठी पेटी. एक दिवस चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आता विचार करा, यात मूल खेळायला जातं की हजेरी लावायला?

मारिओचं म्हणणं होतं, शेवटापर्यंत पोहोच. यांचं म्हणणं आहे, उद्या परत ये. फरक आहे तो इथे.

गेम सोडा, आपल्या बोटाखाली सरकत राहणारी मोबाईलची पानंही तशीच. पुस्तकाचं पान संपलं की माणूस क्षणभर थांबतो, वर बघतो, घड्याळाकडे लक्ष जातं. पण पान संपतच नसेल तर? हे न संपणारं पान २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या डिझायनरने तयार केलं, आणि पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. बनवणाऱ्यालाच वाईट वाटतं, यातच सगळं आलं.

म्हणून पालकहो, एक विनंती. "तुला स्वतःवर ताबाच नाही" असं मुलाला म्हणू नका. त्या पडद्यापलीकडे शिकलेल्या माणसांची फौज बसलेली असते आणि आपण परत यावं हेच तिचं काम असतं. इकडे एक आठ वर्षांचं पोर एकटं. शिवाय रात्री रील्स बघत अकरा वाजवणारे आपण मोठे कोणत्या तोंडाने बोलणार?

आणि दुसरं टोकही नको. गेम खेळणारं प्रत्येक मूल 'व्यसनी' नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने खेळण्याच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली आहे, ती यादी २०२२ पासून लागू आहे. पण त्यात अट आहे : खेळण्यावरचा ताबा सुटलेला, बाकी सगळ्याच्या आधी गेम, नुकसान होतंय दिसूनही थांबता न येणं, आणि हे साधारणपणे १२ महिने चाललेलं. रविवारी दोन तास खेळला म्हणून पोराला आजारी ठरवू नये. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या कायद्याने बंदी आणली आहे. बाकीच्या गेमचं काय करायचं, ते मात्र आपल्यालाच घरात बसून ठरवावं लागणार.

२. वर्गात मी काय करून पाहिलं

शिक्षक मित्रांनो, तुम्हीही कधी ना कधी माहिती भरायचं असं एखादं अ‍ॅप वापरलं असेल. चाळीस रकाने भरा, शेवटी बटण दाबा, आणि पडद्यावर येतं, 'पुन्हा लॉगिन करा'. भरलेलं सगळं गेलं! रेंजसाठी शाळेच्या गच्चीवर चढून मी हे अनुभवलंय. आणि माझ्या मुलाचा गेम बघा. मध्येच चार्जिंग संपलं तरी दुसऱ्या दिवशी तो जिथे होता तिथूनच सुरू होतो. दोन्ही माणसांनीच बनवलेलं सॉफ्टवेअर. एकात वापरणाऱ्याचा विचार जरा जास्तच केलाय, दुसऱ्यात कुणाचा केलाय ते कळत नाही.

मग मनात आलं, आपला वर्ग यातला कोणता? गेममध्ये चूक स्वस्त असते. पडलास, ऊठ, लगेच पुन्हा. आमच्या वर्गात चूक महाग. वहीवर लाल फुली, तीही आठ दिवसांनी, आणि पुन्हा करून बघायची सोय नाही.

म्हणून चौथीच्या वर्गासाठी मी भागाकाराची तीस कार्डं केली, सोप्यापासून अवघडापर्यंत. कार्ड सुटलं तर पुढचं घ्यायचं, चुकलं तर त्याच पातळीचं दुसरं. फुली नाही, ओरडा नाही. पहिल्या आठवड्यात वर्ग नुसता पेटला होता. आणि माझी हौस बघा, मी भिंतीवर तक्ता लावला : कोण कितव्या कार्डावर.

दुसऱ्या आठवड्यात दोन मुलं एकदम बाविसाव्या कार्डावर पोहोचली. मला आनंद झाला. जवळ बोलावून फळ्यावर साधा भागाकार दिला, तर जमेना. उत्तरं एकमेकांची बघून उतरवली होती. त्यांना मी काय बोलणार? कार्डावरचा आकडा वाढवा, असं तो तक्ताच सांगत होता. पोरांनी तक्त्याचं ऐकलं.

तक्ता काढला. कार्डं प्रत्येकाच्या आपापल्या पाकिटात ठेवली. कोण कुठे आहे, हे फक्त त्या मुलाला आणि मला माहीत. वेग कमी झाला, हे खरं. दोघा-तिघांचा उत्साहही गेला, तेही खरं. पण उतरवणं जवळपास थांबलं, आणि मुलं "सर, हे कसं करायचं?" असं विचारत माझ्याकडे यायला लागली. कार्डं तीच होती. फरक फक्त भिंतीवरच्या तक्त्याचा होता.

एवढं वर्गात कळलं होतं, तरी घरच्या फ्रिजवरचा तक्ता मी तसाच ठेवला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

३. कॉलेजची क्रेडिट

त्याच दिवाळीत भाऊबीजेला ताई आली, सोबत भाचा. तो कॉम्प्युटर सायन्स घेऊन बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुपारी लॅपटॉप उघडून बसला होता. एका खिडकीत कसल्यातरी कोर्सचा व्हिडिओ दुप्पट वेगाने चाललेला, आवाज बंद. दुसऱ्या खिडकीत गेम.

"काय रे, हे काय शिकतोयस?"

"मामा, ऑनलाइन कोर्स आहे. दोन क्रेडिट मिळतात."

"अरे पण त्यात आहे काय?"

"सांगितलं ना, दोन क्रेडिट."

ज्या पालकांना ही भानगड नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साधारणपणे आठवड्याला एक तास असे १५ आठवडे शिकवलं की एक क्रेडिट. प्रात्यक्षिक असेल तर ३० तासांना एक. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला १६० क्रेडिट लागतात. ती विद्यार्थ्याच्या नावावर जमा राहावीत म्हणून २०२१ मध्ये 'अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू झाली. बँकेत पैसे साठवावेत तशी क्रेडिट साठवायची, आणि ती साधारण सात वर्षं चालतात. तुम्ही म्हणाल, आमचा आणि कॉलेजचा काय संबंध? संबंध आहे. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात शाळाही धरली आहे, पाचवीपासून. वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट असा हिशेब आहे. आपण वर्गातल्या पोरांचे जे बारा अंकी 'अपार आयडी' काढत बसलो होतो, ते याचसाठी.

या पद्धतीला मी सरसकट नावं ठेवणार नाही. माझ्यासोबत डीएडला असलेल्या एका मैत्रिणीचं बी.ए. दुसऱ्या वर्षाला सुटलं होतं. लग्न, मग बाळंतपण. पुन्हा शिकायचं ठरवलं तेव्हा सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तेव्हा ही सोय असती तर तिची दोन वर्षं वाया गेली नसती. ज्यांचं शिक्षण मध्येच तुटतं, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

पण क्रेडिट मोजतं काय? मुख्यतः तास. याची गोष्टही मजेशीर आहे. १९०५ मध्ये अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगी यांनी कॉलेजच्या प्राध्यापकांना पेन्शन मिळावी म्हणून मोठी देणगी दिली. कोणती कॉलेजं त्याला पात्र, हे ठरवायला काहीतरी माप हवं होतं. त्यातून शाळेत एक विषय वर्षभरात १२० तास शिकला की एक 'युनिट' हे माप रूढ झालं. पुढे तास मोजायची ही सवय जगभर पसरली. म्हणजे या मापाची पाळंमुळं पेन्शनच्या हिशेबात आहेत! २००५ नंतर नोकरीला लागलेल्या आम्हा शिक्षकांच्या वाट्याला ती जुनी पेन्शन काही आली नाही, माप मात्र आलं. असो.

तास मोजणं सोपं असतं. त्या तासात डोक्यात काय गेलं हे मोजणं अवघड. म्हणून आपण सोपं ते मोजतो आणि अवघड तेही त्यात आलं असं धरून चालतो. भाच्याच्या हे बरोबर लक्षात आलंय. कोर्स म्हणजे १०० नाणी जमवून मिळणारा जीव.

आता याच पोराची दुसरी बाजू सांगतो. रात्री माझा मुलगा त्याच्या मागे लागला, "दादा, मला गेम बनवून दे." भाच्याने 'स्क्रॅच' उघडलं. मुलांना चित्रांच्या ठोकळ्यांतून प्रोग्रॅमिंग शिकवणारं ते मोफत सॉफ्टवेअर, आपल्यापैकी काहींनी शाळेत वापरलं असेल. पाढ्यांचा गेम करायचं ठरलं. उत्तर बरोबर आलं की काय व्हावं, यावर दोघांची चर्चा.

"नाणी मिळायला हवीत," मुलगा म्हणाला.

"नाण्यांचं काय घेणार?"

थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, "काहीच नाही. मग राहू दे. राक्षस पडायला पाहिजे."

तीन रात्री दोघं त्या राक्षसामागे होती. तेराच्या पाढ्याला राक्षस फार लवकर अंगावर येतो, मग वेग कमी कर. चुकल्यावर गेम संपतो ते आवडत नाही, मग राक्षस फक्त एक पाऊल पुढे येऊ दे. दुप्पट वेगाने व्हिडिओ पळवणारा हाच मुलगा, पण एका आठ वर्षांच्या पोराला कुठे अडतंय ते बघून रात्री एक वाजेपर्यंत बदल करत होता. ज्याला सॉफ्टवेअर डिझाइन म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? त्याचं क्रेडिट शून्य. मी त्याला विचारलं, "यात काय शिकलास?" तर अर्धा तास बोलत होता.

४. मग घरात काय बदललं?

फ्रिजवरचा तक्ता काढला. लगेच सगळं छान झालं असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. मुलगा रुसला. पहिले दोन आठवडे पाढे बंद, दप्तर दारातच पडलेलं. बायको म्हणाली, "बरं चाललं होतं, उगाच मोडलंत." मलाही एकदा वाटलं, लावावा परत.

नाही लावला. त्याऐवजी काही साध्या गोष्टी ठरवल्या :

- गेम हे बक्षीस नाही आणि गेम बंद ही शिक्षाही नाही. शनिवार-रविवार ठरलेला वेळ, तो कमवावा लागत नाही. बक्षीस केलं की गेमची किंमत वाढते आणि अभ्यासाची कमी होते.
- घड्याळावर नाही, डाव संपल्यावर थांबायचं. मध्येच हिसकावून घेतलं की भांडण ठरलेलं. "हा शेवटचा डाव" हे आधी सांगितलं की बरंच सोपं जातं.
- गेम हॉलमध्ये, आमच्यासमोर. अधूनमधून मीही खेळतो. बहुतेक वेळा हरतो.
- जेवताना कुणाचाच मोबाईल नाही. सगळ्यात जास्त त्रास यात मलाच झाला.
- गेमची रचना त्याच्याशी बोलायची. एकदा विचारलं, "ही रोजची पेटी फुकट कशाला देत असतील रे?" तो म्हणाला, "मी उद्या यावं म्हणून." आठ वर्षांच्या मुलाला हे कळतं. आपण विचारत नाही एवढंच.

काही शिक्षक म्हणतील, "सर, बोलणं सोपं आहे. पहिलीची पोरं स्टारशिवाय जागेवर बसत नाहीत." मान्य. मीही पहिलीला शिकवलंय. मी स्टारला पांगुळगाडा समजतो. पाय फुटेपर्यंत तो जरूर द्यावा. पण चालायला लागलेल्या पोराच्या हातात आपण पांगुळगाडा ठेवत नाही, हळूच काढून घेतो. चूक स्टार देण्यात नाही, तो वेळेवर काढून न घेण्यात आहे.

मग ओळखायचं कसं? मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारून बघा :

१. गुण, स्टार, नाणी काढून टाकली तर मूल हे काम थोडं तरी करेल का?
२. या गोष्टीला शेवट आहे का, की ती नुसती 'उद्या परत ये' म्हणते?
३. हे ज्याने आखलं, त्याला मुलाचं भलं हवंय की फक्त आकडा हवाय?

तिसरा प्रश्न गेम कंपनीला विचारायचा, तसाच आपल्यालाही. वर्गातला तक्ता मी मुलांसाठी लावला होता की भेट द्यायला येणाऱ्या साहेबांना दाखवायला? खरं सांगू? थोडा साहेबांसाठीही होता.

आणि घर? घर ही एकच जागा अशी आहे, जिथे मुलाला कुणी मोजत नाही. शाळेत गुण, कॉलेजात क्रेडिट, मोबाईलमध्ये नाणी, पुढे नोकरीत गोपनीय अहवाल. एवढी मापं वाट बघत असताना घरात तरी तराजू नको. आजीला पाणी द्यायचं ते ती आजी आहे म्हणून, आणि तिचे गुडघे दुखतात म्हणून.

संक्रांतीला आई पुन्हा आली होती. तिने पाणी मागितलं. मुलगा टीव्ही बघत होता. "थांब गं आजी... आणतो" असं म्हणत, जरा कुरकुरतच उठला. तांब्या आणला, निम्मं पाणी वाटेत सांडलं. पण "किती स्टार?" असं विचारलं नाही.

मला तेवढं पुरे आहे.

तुमच्या वर्गात, घरात असा एखादा तक्ता असेल तर एकदा त्याच्याकडे नीट बघा. आणि काढून बघितलात तर काय झालं, चांगलं-वाईट दोन्ही, जरूर कळवा. सगळ्यांनाच त्याचा उपयोग होईल.